कुत्रा का थरथरतो?

थरथरणे हा कुत्र्याचा आजार नव्हे, ते लक्षण आहे, आणि एकाच लक्षणामागे एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली कारणे असू शकतात. जानेवारीच्या पहाटे ओट्यावर झोपलेला कुत्रा थरथरतो, दिवाळीत पलंगाखाली शिरलेला थरथरतो, कंबर दुखणारा म्हातारा कुत्रा थरथरतो आणि शेतातले विष पोटात गेलेलाही थरथरतो. पहिल्याला गोणपाट पुरते. चौथ्याला तासाभरात उपचार मिळाले नाहीत तर तो दगावू शकतो. नुसत्या थरथरीवरून या चौघांत फरक करता येत नाही. तो करायचा तर बाकीचा कुत्रा पाहावा लागतो: हाक मारली की बघतो का, तोंडाला लाळ आहे का, शेपटी कुठे आहे, अंग गरम आहे की गार, हिरड्यांचा रंग काय, उभे राहता येते का आणि गेल्या काही तासांत त्याने काय खाल्ले किंवा हुंगले.

थरथरण्यापासून एक गोष्ट आधीच वेगळी काढली पाहिजे, ती म्हणजे अंग झटकणे. भिजलेला कुत्रा डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग घुसळतो आणि आजूबाजूच्या सगळ्यांना भिजवतो, ती क्रिया पूर्ण निरोगी आहे. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील डेव्हिड हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी अनेक सस्तन प्राण्यांचे चित्रण करून २०१२ मध्ये तिचे गणित मांडले. प्राणी जितका लहान, तितके त्याला वेगाने झटकावे लागते. मोठा कुत्रा सेकंदाला चार ते पाच वेळा अंग हलवतो, तर उंदराला तेच काम करण्यासाठी तिसाच्या आसपास जावे लागते. कुत्र्याची कातडी अंगावर सैल असते, त्यामुळे पाठीच्या कण्यापेक्षा ती कितीतरी जास्त फिरते आणि केसांतले बरेचसे पाणी काही सेकंदांत उडून जाते. ओले केस वाळवण्यात शरीराची उष्णता खर्ची पडते, ती या झटकण्याने वाचते. हार्वर्ड मेडिकल स्कूलमधील संशोधकांनी २०२४ मध्ये उंदरांवर प्रयोग करून या क्रियेची सुरुवात कुठे होते तेही दाखवले. मानेच्या मागच्या कातडीत केसांच्या मुळांशी अतिशय हलका स्पर्श टिपणारे मज्जातंतू असतात, पाण्याच्या थेंबाने ते जागे होतात आणि मेंदूकडून झटकण्याचा आदेश निघतो. दोन कुत्र्यांची गुरगुर संपल्यावर किंवा दवाखान्यातून बाहेर पडल्यावर कोरडा कुत्राही एकदा अंग झटकतो. ताण उतरल्याची ती खूण असते.

फक्त डोके आणि कान सारखे फडफडवणे मात्र निराळे. तिथे बहुतेक वेळा दोष कानात असतो: गोचीड, कुसळ किंवा पावसाळ्यात दमटपणाने वाढलेला बुरशीचा संसर्ग. कान उलटून पाहावा. आत लाली, घाण वास किंवा काळपट मळ दिसला तर पशुवैद्याकडे न्यावे. सतत फडफडवून कानाच्या पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि कान रक्ताने फुगतो, मग प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जाते.

आता खऱ्या थरथरीकडे. सगळ्यांत साधे कारण थंडी. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असते, म्हणजे माणसाहून जास्त. ते घसरू लागले की मेंदूतील हायपोथॅलॅमस स्नायूंना भराभर आकुंचन-प्रसरण पावायला लावतो आणि त्या कामातून उष्णता निर्माण होते. हीच हुडहुडी. अंगात चरबी कमी आणि केस आखूड असलेल्या कुत्र्यांना ती लवकर भरते. मुधोळ आणि कारवान ही दख्खनची शिकारी कुत्री यात मोडतात. उन्हात मैलोगणती धावणारी ही कुत्री हिवाळ्यात फरशीवर सुखाने झोपू शकत नाहीत. कुडकुडणाऱ्या कुत्र्याला कोरडे करावे आणि जमिनीपासून वर, वारा लागणार नाही अशा जागी गोधडीवर ठेवावे. गरम पाण्याची पिशवी द्यायची तर टॉवेलात गुंडाळून द्यावी. उघडी पिशवी किंवा पेटती शेगडी जवळ ठेवली तर गारठलेल्या कातडीला भाजल्याचे कळतही नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी जुने पोते किंवा पुठ्ठ्याचे खोके आडोशाला ठेवले तरी रात्र निभावते.

थंडीच्या बाबतीत सहज निसटणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. थरथर थांबली म्हणजे धोका टळला असे नव्हे. शरीर फारच गार झाले की स्नायूंची ती शक्तीही संपते आणि हुडहुडी बंद पडते. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना तर पहिल्या आठवड्यात हुडहुडी भरतच नाही, कारण ती यंत्रणा तयार झालेली नसते. आईपासून दूर सरकलेले पिल्लू न थरथरता, फारसा आवाज न करता गार पडत जाते. ते हाताला गार लागले तर आधी हळूहळू ऊब द्यावी आणि मगच दूध द्यावे. गारठलेल्या पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही.

थंडीखालोखाल नेहमी दिसणारे कारण भीती. घाबरलेल्या कुत्र्याच्या शरीरात अ‍ॅड्रिनलिन सुटते, हृदय वेगाने धडधडते, स्नायू पळण्यासाठी ताणले जातात, आणि पळायला जागा नसली की ते ताणलेले स्नायू थरथरतात. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भावनांच्या अभिव्यक्तीवरील ग्रंथात थरथरण्याची दखल घेतली आहे. माणसासह बहुतेक प्राण्यांत आढळणाऱ्या या क्रियेचा प्राण्याला काही उपयोग दिसत नाही, हे त्यांना कोड्यात टाकत होते.

फटाक्यांच्या रात्री घाबरलेला कुत्रा जवळून पाहिला तर भीती अंगभर वाचता येते. तो खोलीच्या सर्वांत आतल्या कोपऱ्यात, पलंगाखाली किंवा न्हाणीघरात शिरलेला असतो. शेपटी पोटाखाली घट्ट ओढलेली, कान मागे चिकटलेले, डोळ्यांचा पांढरा भाग कडेने दिसतो. उकडत नसतानाही तो धापा टाकतो, पुन्हापुन्हा जांभई देतो, ओठ चाटतो. तळपायांना घाम सुटतो आणि तो चालला तिथे फरशीवर पंजांचे ओलसर ठसे उमटतात. आवडीचा मटणाचा तुकडा पुढे केला तरी तो हुंगत नाही. काही कुत्री घरातच लघवी करतात, काही दार उघडे मिळताच सुसाट पळतात आणि दोन दिवस सापडत नाहीत. माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४० हजारांच्याही पुढचा. शिवाय सुतळी बॉम्ब कुठून आणि कधी फुटणार हे त्याला कळत नाही, आणि भीती वाढवण्यात या अनिश्चिततेचाही मोठा वाटा असतो.

अशा वेळी कुत्र्याला जवळ घेऊ नये, लाड केले तर तो आणखी घाबरट होतो, असे अजूनही सांगितले जाते. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यापायी असंख्य कुत्र्यांनी ती रात्र एकट्याने काढली आहे. भीती ही भावना आहे. कुरवाळल्याचे बक्षीस मिळते म्हणून कुणी ठरवून घाबरत नाही. कुत्रा आपणहून जवळ आला तर त्याला खुशाल कुशीत घ्यावे, शांत आवाजात बोलावे, पाठीवरून संथ हात फिरवावा. तो पलंगाखाली बसला असेल तर ओढून बाहेर काढू नये, कारण ती त्याने स्वतः निवडलेली सुरक्षित जागा असते. तिथेच पाणी ठेवावे, खिडक्या लावून पडदे ओढावेत, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवावा. फिरवणे संध्याकाळ होण्याआधी उरकावे आणि दार उघडताना गळ्यात पट्टा असावा. रागावणे, हसणे किंवा ‘सवय होऊ दे’ म्हणून गच्चीवर नेणे हा शुद्ध छळ आहे.

भीती कमी करण्याचे काम त्या रात्रीपुरते नसते. आवाजाला चांगल्या गोष्टीची जोड देणे हा आजवर सर्वांत उपयोगी ठरलेला मार्ग. बर्न विद्यापीठातील श्टेफनी रीमर यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आवाज झाला की लगेच खाऊ किंवा खेळ देण्याचा उपाय केलेल्या मालकांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिकांना गुण दिसला होता. त्याच पाहणीत वनौषधी, होमिओपॅथी आणि कुत्र्यांसाठीचे फेरोमोन यांचा फायदा झाला असे म्हणणारे तीस टक्क्यांच्या आसपास होते. ज्या कुत्र्याची भीती मध्यम आहे त्याच्यासाठी प्रत्येक धमाक्यामागून चिकनचा किंवा पनीरचा तुकडा, इतके साधे सूत्र पुरते. क्रम मात्र पाळावा लागतो: आधी आवाज, मग खाऊ. दिवाळीच्या दोन-तीन महिने आधीपासून फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी बारीक आवाजात लावून, त्याचे कान टवकारणार नाहीत इतके हळू सुरू करून, रोज थोडा आवाज वाढवत नेता येतो. गणपतीच्या सुमारास सुरुवात केली तर वेळ पुरतो. मात्र घाई करून आवाज एकदम वाढवला तर सगळी मेहनत वाया जाते.

भीती तीव्र असेल तर औषध द्यावे, आणि त्यात कमीपणा मानू नये. पशुवैद्य कुत्र्याचे वजन, वय आणि हृदयाची अवस्था पाहून ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिनसारखे औषध ठरवतात. ते आवाज सुरू होण्याआधी द्यायचे असते. एसप्रोमाझिन हे जुने, स्वस्त औषध एकटे वापरले तर कुत्रा निपचित पडतो खरा, पण त्याची भीती कमी होत नाही. त्याला फक्त हलता येत नाही. मालकाने डॉक्टरांना याबद्दल थेट विचारावे. माणसांच्या झोपेच्या गोळ्या घरच्या घरी अर्ध्या-पाव करून देणे तर कधीच नको.

आतापर्यंत कधी न घाबरलेला पाच-सहा वर्षांचा कुत्रा अचानक आवाजाला थरथरू लागला तर दुखण्याचा संशय घ्यावा. इंग्लंडमध्ये डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्यांचे दोन छोटे गट तपासले. ज्यांना सांधे किंवा स्नायूंचे दुखणे होते त्यांची भीती सरासरीने बरीच उशिरा सुरू झालेली आढळली. आवाजाने कुत्रा दचकतो, दचकल्याने स्नायू आखडतात, आखडल्याने दुखते आणि आवाज म्हणजे वेदना असे त्याच्या डोक्यात बसते, अशी त्यामागची कल्पना आहे. दुखण्यावर उपचार झाले की अशा कुत्र्यांच्या भीतीतही फरक पडतो. एरवीही वेदना हे थरथरीचे मोठे कारण आहे. कुत्रा दुखणे लपवतो. तो ओरडत नाही, नुसता पाठ कमानीसारखी करून कापत उभा राहतो, जिना चढायला नाखूश होतो. म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय उभ्याने थरथरतात आणि बसला की थांबतात, ते कधी केवळ वयाने, कधी सांधेदुखीने. क्रोसिन, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक या घरातल्या गोळ्या त्याला देऊ नयेत. यकृत, मूत्रपिंड आणि जठर यांना त्या घातक ठरतात.

लहान जातींच्या पिल्लांत थरथरण्याचा अर्थ अनेकदा भूक असतो. चिवावा, पॉमेरेनियन यांसारख्या चिमुकल्या पिल्लांकडे साखरेचा साठा फार थोडा असतो; एक-दोन वेळचे खाणे चुकले, हगवण लागली किंवा प्रवास झाला की रक्तातली साखर घसरते. पिल्लू आधी सुस्त होते, मग लटपटते, थरथरते आणि शेवटी बेशुद्ध पडते. मध किंवा साखरेचे घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळावे आणि तडक दवाखाना गाठावा. शुद्ध नसलेल्या पिल्लाच्या तोंडात काही ओतू नये, ते फुप्फुसात जाते.

व्यालेल्या कुत्रीची थरथर हा याहून तातडीचा प्रसंग. पिल्ले दोन ते चार आठवड्यांची असताना दुधावाटे इतके कॅल्शियम जाते की आईच्या रक्तात ते अपुरे पडते. सुरुवातीला ती बेचैन होते, पिल्लांना जवळ घेत नाही, तोंड चोळते. मग चाल ताठ होते, पाय आखडतात, सगळे अंग कापू लागते आणि ताप ४१ अंशांपर्यंत चढतो. पुढची पायरी आकडी आणि मृत्यू. शिरेतून सावकाश कॅल्शियम दिले की तीच कुत्री अर्ध्या तासात उठून उभी राहू शकते. हा बदल थक्क करणारा असतो. पिल्लांना निदान एक दिवस वेगळे ठेवून बाहेरचे दूध द्यावे लागते. हे टाळण्यासाठी गाभण असतानाच कॅल्शियमचे सिरप सुरू करण्याची पद्धत मात्र उलटी पडते. बाहेरून आयते मिळाल्याने शरीराची हाडांतून कॅल्शियम काढण्याची यंत्रणा सुस्तावते आणि ऐन गरजेच्या वेळी ती कामाला येत नाही.

विषबाधेची थरथर ओळखता येणे ग्रामीण महाराष्ट्रात विशेष गरजेचे आहे. शेतात फवारायच्या ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांनी कुत्र्याच्या तोंडातून लाळेच्या धारा लागतात, डोळ्यांतून पाणी येते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, उलट्या-जुलाब होतात आणि कातडीखाली स्नायू वळवळताना दिसतात. वेळेत अ‍ॅट्रोपिन मिळाले तर प्राण वाचतात. अनेकदा हे विष घरच्यांच्याच हातून अंगावर येते: गोठ्यासाठी आणलेले गोचीडनाशक अंदाजाने बादलीत कालवून कुत्र्याला चोळले जाते, आणि तो ते चाटतो. प्रमाण चुकले की औषधाचे विष होते. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत एका जनुकातील दोषामुळे आयव्हरमेक्टिन मेंदूत शिरते, म्हणून गोचिडांवर किंवा खरजेवर त्याचे जास्त मात्रेचे इंजेक्शन या जातीला जीवघेणे ठरते.

मराठवाड्यात २०२२ च्या खरिपात शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे पीक फस्त केले, तेव्हापासून गोगलगायी मारणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या अनेक बांधांवर पोचल्या आहेत. या गोळ्यांत गोगलगायींना खेचणारे खाद्य मिसळलेले असते आणि कुत्र्यालाही ते आवडते. खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते तीन तासांत त्याचे सगळे अंग जोरजोराने थरथरू लागते, आणि त्या स्नायूंच्या हालचालीनेच ताप ४२ अंशांच्या पुढे जातो. या विषावर उतारा नाही. भूल देऊन स्नायू शांत करणे आणि अंग थंड करणे हाच उपचार. गोळ्या टाकलेल्या शेतात कुत्र्याला मोकळे सोडू नये आणि उरलेले पाकीट उंचावर ठेवावे. उकिरड्यावरचे बुरशी आलेले पाव, चीज, शेंगदाणे यांतील बुरशीच्या विषानेही अशीच थरथर होते.

शहरातली विषे स्वयंपाकघरात असतात. चॉकलेटमधले थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमच्या पुढे उलट्या आणि बेचैनी, ४० ते ५० ला हृदयाचे ठोके अनियमित, ६० च्या आसपास आकडी असा चढता क्रम आहे. पाच किलोच्या कुत्र्याने ६० ग्रॅम गडद चॉकलेट खाल्ले तर हा शेवटचा टप्पा गाठला जाऊ शकतो. साखरविरहित च्युइंगममधील झायलिटॉल त्याहून वेगवान. अर्ध्या तासात रक्तातील साखर कोसळते.

विषाचा संशय असताना मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. ते मीठच मेंदूच्या पेशींतले पाणी ओढून घेते आणि थरथर वाढवते. दूध किंवा तूप पाजणेही टाळावे, कारण कापणाऱ्या कुत्र्याला नीट गिळता येत नाही. विष कातडीवर असेल आणि कुत्रा शुद्धीवर असेल तर हातमोजे घालून साबणाने धुवावे. विषाचे पाकीट किंवा उलटीचा नमुना सोबत घेऊन निघावे.

लस न टोचलेल्या पिल्लांत डिस्टेंपरचा विषाणू आधी ताप, नाका-डोळ्यांतून चिकट स्राव आणि हगवण आणतो. काही आठवड्यांनी तो मेंदूत पोचतो आणि एखादा पाय, जबडा किंवा डोक्याची बाजू ठरावीक तालात उडू लागते, अगदी झोपेतही. वाचलेल्या कुत्र्याचा तो पाय पुष्कळदा आयुष्यभर उडत राहतो. सहा ते आठ आठवड्यांपासून लशी सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंतचे डोस पूर्ण केले तर हा आजार टळतो. थरथर, तोल जाणे, लाळ, आवाजातला बदल आणि अकारण चावा असे एकत्र दिसले तर रेबीजचा विचार आधी करावा. घशात हाड अडकले असावे असे समजून तोंडात हात घालू नये. लाळ लागली किंवा दात लागला तर जखम १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी.

आकडी आणि थरथर यांतला फरक शुद्धीवरून कळतो. थरथरणारा कुत्रा नाव घेतले की बघतो. आकडीत तो आडवा पडतो, पाय पाण्यात पोहल्यासारखे मारतो, लघवी सुटते, आणि नंतर काही वेळ भांबावलेला असतो. कांदा किंवा चप्पल नाकाशी धरून काही साधत नाही, आणि तोंडात चमचा घातला तर हाताला चावा बसतो. सभोवतालच्या वस्तू बाजूला कराव्यात, दिवे मंद करावेत, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर क्षणही दवडू नये. झोपेत पाय हलणे, बारीक भुंकणे मात्र स्वप्नातले असते. हाक मारली की तो जागा होतो.

काही थरथरी दिसायला भयंकर पण उपचाराला सोप्या असतात. माल्टीज, वेस्टीसारख्या लहान कुत्र्यांत तरुणपणी अचानक सर्वांग कापू लागते; ही मेंदूतली सूज असून स्टिरॉइडच्या उपचाराने बहुतेक कुत्री बरी होतात. डॉबरमन, बॉक्सर आणि बुलडॉग यांचे डोके कधी आपोआप ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटल्यासारखे हलत राहते. खाऊ दाखवला की थांबते आणि त्याला सहसा औषधही लागत नाही.

दवाखान्यात पोचेपर्यंत थरथर थांबलेली असते आणि डॉक्टरांपुढे कुत्रा ठणठणीत उभा राहतो, असे वारंवार घडते. म्हणून थरथर सुरू असतानाच मोबाइलवर अर्ध्या-एक मिनिटाचे चित्रण करावे, सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी, थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून ताप मोजावा. मुंबईतील परळ, तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयांत कुत्र्यांवर उपचार होतात. घराजवळचा रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता आणि त्याचा फोन नंबर काय, हे प्रत्येक कुत्रा पाळणाऱ्याने आजच शोधून दारामागे लिहून ठेवावे.